रिंगच्या आधीची टर्रटर्र: जीएसएमच्या २१७ हर्ट्झची पार्श्वभूमी

फोन वाजायच्या क्षणभर आधी शेजारचा स्पीकर टर्रटर्र करायचा, हे पंधरा-वीस वर्षांपूर्वी घराघरांत माहीत होतं. त्या आवाजाचं मूळ जीएसएमच्या, म्हणजे टूजी मोबाईलच्या तंत्राच्या, रचनेतच आहे.

एकाच फ्रिक्वेन्सीवर आठ जणांना बोलता यावं म्हणून युरोपातल्या अभियंत्यांनी वेळेचे तुकडे पाडले. दर ४.६१५ मिलिसेकंदांत फोनने जेमतेम ०.५७७ मिलिसेकंद प्रक्षेपण करायचं आणि थांबायचं. ९०० मेगाहर्ट्झची लहर ऐकू येत नाही; पण ती सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होते, आणि २१७ हर्ट्झ कानाला स्वच्छ ऐकू येतात. स्पीकरची वायर अँटेनासारखी लहर पकडते, अ‍ॅम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर तिचं रेक्टिफिकेशन करतो, म्हणजे तिच्या चालू-बंद होण्याचा ठसा तेवढा वेगळा काढतो, आणि उरते ती टर्रटर्र. रिंगच्या आधी फोन टॉवरशी संपर्क साधतो, म्हणून स्पीकरला आधी कळतं.

फिनलंडमध्ये पहिला जीएसएम कॉल १ जुलै १९९१ रोजी झाला. भारतात मोबाईल सेवा आली ३१ जुलै १९९५ रोजी. या गोंगाटाचा खरा जाच झाला तो श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना. ज्यांना फोनची सोय सर्वांत जास्त हवी, त्यांनाच तो कानाशी धरवत नव्हता. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने २००३ मध्ये श्रवणयंत्राशी जुळणारे डिजिटल फोन देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. मला हा या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो.

उपाय सर्किट बोर्डवरच निघाले. माइकच्या अगदी जवळ ९०० मेगाहर्ट्झसाठी ३३ आणि १८०० साठी १० पिकोफॅरडचा, ती लहर ग्राउंडकडे वळवणारा छोटा कपॅसिटर बसू लागला. मोठा कपॅसिटर इथे कुचकामी, कारण इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला त्याचा स्वतःचा इंडक्टन्सच (करंटच्या बदलाला होणारा विरोध) आडवा येतो. जीएसएम मॉड्यूलवर, म्हणजे रेडिओच्या तयार सर्किटवर, पत्र्याचं शील्डही आलं, पण वीजपुरवठ्यातल्या दोषाला त्याचा उपयोग नाही. प्रक्षेपणाच्या क्षणी जीएसएम मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. बोर्डवरचा पुरवठ्याचा तांब्याचा ट्रॅक लांब आणि बारीक असेल तर व्होल्टेजही सेकंदाला २१७ वेळा बसतं. मग ऑडिओत गुरगुर येते, नाहीतर मॉड्यूल रीसेट होतं. मोबाईलवरून चालू-बंद होणारे शेतपंपाचे स्टार्टर दुरुस्त करणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. मॉड्यूलच्या पिनांना खेटून मोठा, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर आणि खाली अखंड ग्राउंड प्लेन (तांब्याचा सलग थर), हे डिझाइन करतानाच ठरवावं लागतं.

थ्रीजीचं डब्ल्यूसीडीएमए हे तंत्र बोलताना सलग प्रक्षेपण करतं, त्यामुळे टर्रटर्र विरली. मग त्रासाची दिशा उलटली: यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेस माऊसला आंधळा करतो, हे इंटेलने २०१२ मध्ये मोजून दाखवलं. कनेक्टरला नीट शील्डिंग करा आणि अँटेना त्यापासून दूर ठेवा, असा उपायही त्यात होता.