अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील साहसविचार

जादू, राक्षस, बोलके प्राणी, हरवलेली राज्ये यांच्या आधाराने रचलेल्या कादंबऱ्या वाचताना वाचकाच्या मनात धाडसाविषयी जी समज हळूहळू मुरत जाते, तिला या नोंदीत साहसविचार म्हटले आहे. अशा कादंबरीला मराठीत ‘अद्भुतरम्य’ म्हणतात. अलीकडे ‘फँटसी’ हा शब्दही रुळला आहे. विषय येथे ठाणे आणि नवी मुंबईच्या अंगाने घेतला आहे, कारण या दोन शहरांत पुस्तकातला डोंगर आणि खिडकीतून दिसणारा डोंगर यांत फारसे अंतर नाही. येऊर, पारसिक आणि खारघरचे डोंगर वस्तीला खेटूनच उभे आहेत. शनिवारी वाचनालयातून कादंबरी आणणारा आणि रविवारी पहाटे कसारा लोकल पकडणारा पुष्कळदा एकच माणूस असतो.

साहस हा शब्द

संस्कृत धर्मशास्त्रात ‘साहस’ हा गुण नव्हता, गुन्हा होता. बळजबरीने केलेल्या दुष्कृत्याला साहस म्हणत आणि मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे खटल्याच्या विषयांत, त्याची गणना होते. मराठीत येता येता शब्दाला मान मिळाला, तरी जुनी छाया पुरती पुसली गेली नाही. ‘नसतं साहस करू नकोस’ असे आजही घरोघरी ऐकू येते, आणि त्याच घरात ‘पोरगं साहसी आहे हो’ असे कौतुकही होते. एकाच शब्दात अंगावर ओढवून घेतलेले संकटही आहे आणि मर्दुमकीही. चांगली अद्भुतरम्य कादंबरी या दोहोंमधली रेघ दाखवते. तिचा मोठेपणा यातच आहे, असे नोंदलेखकाला वाटते.

मराठी परंपरा

मराठी कादंबरीचा आरंभीचा काळ अद्भुतरम्यतेनेच भारलेला होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये. पुढे गो. ना. दातार यांच्या रहस्यमय कादंबऱ्यांनी दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली.

या परंपरेत साहसाच्या दृष्टीने सर्वांत विचार करायला लावणारे नाव नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८) यांचे. तरुणपणी ते शिकारीसाठी सिंहगडावर गेले असता कड्यावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. अंथरुणाला खिळलेल्या त्या काळात त्यांना वाचनाचा नाद लागला आणि त्यातून ते लेखनाकडे वळले. ‘वीरधवल’ ही त्यांची गाजलेली अद्भुतरम्य कादंबरी १९१३ ची. तटावरून उड्या, गुप्त वाटा, घोडदौड यांनी वाचकांना वेड लावणारा हा लेखक स्वतःच्या पायांवर उभा राहू शकत नव्हता. डोंगराने त्यांचे पाय घेतले, पण त्यांच्या लिखाणात डोंगराविषयी कडवटपणा उतरला नाही. कड्याचा धाक आणि कड्याची ओढ या दोन्ही गोष्टी त्यांनी अंगावर सोसून जाणल्या होत्या. जुन्या वाचनालयांत ‘वीरधवल’ची प्रत मिळाली तर ती बहुधा पुन्हा बांधलेली असते, कडा तपकिरी, कोपरे हाताळून गोल झालेले. ती उघडताना लिहिणाऱ्याची ही हकिकत ठाऊक असावी. पाने वेगळी वाचली जातात.

ठाण्यात अशी पुस्तके जपून ठेवण्याची सोय लवकर झाली. येथील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले, आणि त्यामागे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांचा पुढाकार होता. मराठी ग्रंथांसाठी वाहिलेली इतकी जुनी संस्था आपल्या शहरात आहे, याचा ठाणेकराला अभिमान वाटतो आणि वाटावाच.

इंग्रजी कादंबऱ्या आणि त्यांतले धडे

आजच्या वाचकाचा साहसविचार मात्र मोठ्या प्रमाणात इंग्रजीतून किंवा इंग्रजीवरून आलेल्या अनुवादांतून घडतो. जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द हॉबिट’ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक बिल्बो पन्नाशीचा, खाऊनपिऊन सुखी, घर न सोडणारा गृहस्थ. तेरा बुटक्यांबरोबर तो मोहिमेवर निघतो तेव्हा टोपी, काठी, पैसे सगळे घरीच राहते, आणि खिशात रुमाल नाही म्हणून तो वाटेत हळहळतो. धाडसी माणूस जन्मावा लागतो, ही समजूत सुरुवातीच्या प्रकरणांतच गळून पडते.

या कादंबरीतला सर्वांत मोठा क्षण लढाईचा नाही. खजिन्यावर झोपलेल्या ड्रॅगनकडे जाणाऱ्या बोगद्यात बिल्बो एकटाच उतरत असतो. घोरण्याचा आवाज कानी येतो, पुढे लालसर उजेड दिसतो आणि तो थबकतो. तिथून पुढे पाऊल टाकणे हीच त्याच्या आयुष्यातली सर्वांत शूर गोष्ट होती, असे लेखक सांगतो. नंतर जे घडले ते त्या मानाने काहीच नाही. पारसिकच्या १९१६ मधल्या बोगद्यातून गाडी जाताना लहानपणी ज्याने आईचा पदर घट्ट धरला आहे, त्याला हा क्षण निराळा समजावून सांगावा लागत नाही.

त्याच पुस्तकात दुसरी एक घटना आहे. जादूच्या अंगठीमुळे अदृश्य झालेला बिल्बो तलवार हातात असूनही गोलम या गुहेतल्या दुष्ट प्राण्याला मारत नाही. त्याची कीव येते, आणि तो त्याच्यावरून उडी मारून निघून जातो. पुढे १९५४–५५ मध्ये आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये या दयेचे मोल कळते. तीच अंगठी नष्ट करायला बिल्बोचा वारस फ्रोडो निघतो, पण अखेरच्या क्षणी त्याचे मन डळमळते, तो हरतोच. काम तडीस जाते ते गोलम जिवंत राहिला होता म्हणून. अंगठीने जग जिंकता आले असते, आणि मोहीम होती ती टाकून देण्याची. मिळवण्यासाठी निघालेल्या मोहिमा आपल्याला पोवाड्यांपासून माहीत आहेत. टाकण्यासाठी निघालेली मोहीम वाचताना मराठी वाचकाला संतांची आठवण यावी, यात नवल नाही. फ्रोडो घरी परततो, पण त्याची जखम भरत नाही आणि अखेर त्याला गाव सोडावे लागते. मोहिमेची किंमत कोणीतरी चुकवतो, हे टोल्किन लपवत नाहीत. पहिल्या महायुद्धात खंदकांत लढलेला हा माणूस होता.

उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मध्ये गेड हा हुशार, मानी मुलगा ईर्ष्येपोटी आपली विद्या दाखवायला जातो आणि एक काळी सावली मोकळी सुटते. तो तिच्यापासून पळत राहतो. मग गुरू त्याला सांगतात की आता वळ आणि तूच तिचा पाठलाग कर. शेवटी भर समुद्रात तो तिला गाठतो आणि स्वतःच्याच नावाने हाक मारतो. ‘मी करून दाखवतो’ या ईर्ष्येतून झालेली चूक निस्तरायला किती लांब जावे लागते, हे इतक्या कमी शब्दांत दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळते.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतले पहिले पुस्तक १९९७ मध्ये आले. मराठीत ते ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने वाचले जाते, आणि तत्त्ववेत्त्याच्या दगडाला ‘परीस’ म्हणणे ही अनुवादातली सुरेख जागा आहे. त्याच्या शेवटी नेव्हिल या भित्र्या मुलाला दहा गुण मिळतात आणि त्या दहा गुणांवर चषक जिंकला जातो. त्याने केले काय, तर रात्री बाहेर पडणाऱ्या आपल्याच मित्रांना अडवले. शत्रूला विरोध करायला धैर्य लागते, मित्रांना विरोध करायला त्याहून जास्त. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या सात पुस्तकांत (१९५०–५६) आणखी एक धागा आहे. मिठाईच्या लोभाने भावंडांना दगा देणाऱ्या एडमंडला पुन्हा त्यांच्यातच जागा मिळते.

परिसरातले डोंगर

नेव्हिलचा धडा ठाणे-नवी मुंबईत दर पावसाळ्यात लागू पडतो. खारघरचा पांडवकडा सुमारे १०७ मीटर उंचीवरून कोसळतो. जून उजाडला की तिथे जाण्याची हौस उफाळते, आणि बुडून मृत्यू झाल्याने दरवर्षी प्रवेशबंदी घालावी लागते. धोका धबधब्याच्या उंचीपेक्षा वरच्या पठारात आहे. खाली ऊन असले तरी वर पाऊस झाला की पाणी काही मिनिटांत चढते. नितळ पाणी गढूळ होणे, काटक्या-पाचोळा वाहत येणे, घरघर वाढणे या खुणा दिसल्या की पात्रातून ताबडतोब बाहेर पडायचे असते. अशा वेळी ‘चला, मागे फिरू’ म्हणणाऱ्याला चार जण हसतात. तरीही तोंड उघडायला हवे. येऊरची गोष्ट निराळी: ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे राहतात, आणि वाट सोडून शिरणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात न विचारता घुसणे.

नोंदलेखकाला ही समज पुस्तकातून मिळाली, पण पटली आसनगावजवळच्या माहुलीवर. जुलैतला रविवार होता. गडाची लोखंडी शिडी जवळ आली असेल-नसेल, तोच पाऊस वाढला आणि शेजारच्या ओहोळाचे पाणी चहासारखे झाले. म्होरक्याने हात वर केला. ‘इथूनच मागे.’ ‘अरे दादा, आलीच की शिडी!’ मागून दोघे-तिघे बोलले. तो वाद घालत बसला नाही. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत त्याने डोकी मोजली, बारा. सगळ्यांत मागे कोण चालणार ते ठरवले. उतरताना दोन ठिकाणी थांबून पुन्हा मोजली. स्थानकाबाहेरच्या टपरीवर भिजलेल्या हातांत चहाचे पेले आल्यावर त्याने शेवटचे मोजले, आणि मग स्वतःच्या बुटांची नाडी सोडली. रुसलेले दोघे गाडीत त्याच्याच शेजारी बसले.

मुले आणि किल्ला

दिवाळीत सोसायट्यांच्या आवारात किल्ले बांधण्याची रीत नौपाड्यातल्या जुन्या वाड्यांपासून सिडकोच्या वसाहतींपर्यंत सगळीकडे आहे. विटा आणि दगड रचायचे, वर गोणपाट टाकायचे, लाल मातीचा गिलावा द्यायचा, हिरवळीसाठी अळीव पेरायचे आणि माथ्यावर महाराजांना बसवायचे. पुस्तके वाचणारी मुले यात आपली भर घालतात. नोंदलेखकाच्या आवारात एका वर्षी किल्ल्याच्या पायथ्याशी गुहा होती आणि आत प्लॅस्टिकचा ड्रॅगन. तोंडाशी मातीचा एकच मावळा उभा होता, त्याच्या कमरेला शिवणाचा दोरा बांधलेला. एकट्यालाच का पाठवलेस, असे विचारल्यावर चौथीतली बांधकाम करणारी जरा नाराज झाली. ‘एकटा कुठे काका,’ ती म्हणाली, आणि दोऱ्यावरून बोट फिरवत वर नेले. बुरुजावर पाच मावळे ओळीने निजवले होते आणि दोऱ्याचे टोक त्यांच्या अंगाखाली दाबून ठेवले होते.