परस्पर संमतीने घटस्फोट : ठाणे-नवी मुंबईतील दांपत्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि मालमत्तेची वाटणी

पंचवीस-तीस वर्षांचा संसार मोडला की मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होते, असा अनेकांचा समज असतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. दस्त कोणाच्या नावावर आहे आणि पैसा कोणाचा आहे, हेच पाहिले जाते. स्त्रीधन मात्र पत्नीचेच राहते. त्यामुळे खरी वाटणी होते ती अर्जासोबत दाखल होणाऱ्या तडजोडीच्या अटींत, म्हणजे वकिलांच्या भाषेत ‘कन्सेंट टर्म्स’मध्ये.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब नुसार पती-पत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. एकाच छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून नांदत नसल्यास ते वेगळे राहणेच धरले जाते. नवीन घराचे भाडे न परवडणाऱ्यांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. लग्न जिथे झाले, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले किंवा पत्नी सध्या जिथे राहते, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. ठाण्यात कौटुंबिक न्यायालय आहे. अर्जानंतर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा संमती नोंदवायची असते. सहा महिन्यांची ही मुदत न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

विवाह प्रमाणपत्र (ते नसल्यास लग्नपत्रिका व फोटो), आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पोटगीचा प्रश्न असेल तर दोघांनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्देश आहे. त्यासाठी प्राप्तिकर विवरणपत्रे, पगारपत्रके, बँक पासबुके, डीमॅट खात्याचा उतारा, विमा पॉलिसी आणि घराची इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) आधीच गोळा करावी. गावाकडे जमीन असेल तर सातबाराही काढून ठेवावा. दागिन्यांची यादी ‘सोन्याचे दागिने’ अशी मोघम न लिहिता, तुशी अमुक तोळे, पाटल्या अमुक तोळे, आणि त्या सध्या कोणाच्या लॉकरमध्ये आहेत, अशी लिहावी.

सर्वांत जास्त घोळ फ्लॅटचा होतो. दोघांच्या नावावरचा फ्लॅट एकाला द्यायचा ठरला, तर तडजोडीत तसे लिहिणे पुरेसे नसते. फ्लॅट मूळ अर्जाचा विषयच नसेल, तर त्याबाबतच्या तडजोडीच्या हुकूमनाम्याचीही (न्यायालयाच्या अंतिम आदेशाची) नोंदणी करावी लागते. म्हणून त्याचे पूर्ण वर्णन अर्जातच यावे. राहत्या घराचे बक्षीसपत्र पती-पत्नींमध्ये झाले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी वेगळी), पण ही सवलत दोघे पती-पत्नी असेपर्यंतच. घटस्फोटानंतर त्याच दस्तावर शुल्क बाजारभावाच्या टक्केवारीत लागते. शिवाय बक्षीसपत्र विनामोबदला असावे लागते. तडजोडीत ‘पोटगीच्या बदल्यात फ्लॅट’ असे लिहिले की त्यावर हरकत येऊ शकते. मसुदा वकिलाकडूनच करून घ्यावा. दुसरीकडे, दुसऱ्या संमतीआधी कोणीही माघार घेऊ शकतो, म्हणून फ्लॅटवरचे आपले नाव फार आधी सोडण्यातही धोका आहे. दस्त आणि ठरलेल्या रकमेचा शेवटचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या संमतीच्या आसपास ठेवणे, हे माझ्या मते शहाणपणाचे.

नवी मुंबईत बहुतेक इमारती सिडकोच्या (शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत, त्यामुळे नावबदलासाठी सोसायटीबरोबर सिडकोची परवानगी आणि शुल्क यांचीही चौकशी आधी करावी. सोसायटीच्या भागप्रमाणपत्राच्या (शेअर सर्टिफिकेटच्या) मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता असतो. त्यात सही-शिक्क्यानिशी नवी नोंद होईपर्यंत देखभालीचे बिल जुन्याच नावाने येत राहते.

गृहकर्जावर न्यायालयाचा हुकूमनामा बँकेला बांधत नाही, कारण बँक त्या प्रकरणात पक्षकार नसते. हप्ते एकाने भरायचे ठरले, तरी सहकर्जदाराचे नाव बँकेने लेखी काढेपर्यंत थकबाकीची नोटीस दोघांनाही येते. बँकेने एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज चालू ठेवण्यास नकार दिला, तर फ्लॅट विकून कर्ज फेडणे आणि उरलेली रक्कम वाटून घेणे, हा एक मार्ग राहतो.

ज्या महिलांना वकील परवडत नाही, त्यांना ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. महिलांसाठी उत्पन्नाची अट नाही. निकालाची प्रमाणित प्रत हाती आली की भविष्य निर्वाह निधी, बँक, विमा आणि डीमॅट यांतील वारसनोंदी लगेच बदलाव्यात.