विभाजक, विभाज्य आणि मूळ संख्येची पारख

एका पूर्ण संख्येने दुसरीला भागल्यावर बाकी शून्य उरली, तर पहिली दुसरीची विभाजक आणि दुसरी पहिलीची विभाज्य. सातच्या पाढ्यातली प्रत्येक संख्या सातची विभाज्य आहे. पाढा दहाशी थांबतो, विभाज्य संख्या थांबत नाहीत. विभाजक मात्र मोजकेच असतात. १ आणि स्वतः ती संख्या असे दोनच विभाजक असतील तर ती मूळ संख्या, दोनांहून जास्त असतील तर संयुक्त. १ ला एकच विभाजक, म्हणून ती कुठेच बसत नाही.

विभाजक जोडीने येतात, हे ध्यानात ठेवले की काम निम्मे होते. ६० साठी १×६०, २×३०, ३×२०, ४×१५, ५×१२, ६×१० अशा सहा जोड्या मिळतात. पुढे ७, ८, ९ ने भाग जात नाही आणि १० आधीच येऊन गेला. एकूण विभाजक बारा. जोडीतला धाकटा संख्येच्या वर्गमुळाहून मोठा असूच शकत नाही, कारण दोघेही मोठे असते तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. मूळ संख्येची सगळी पारख या एका गोष्टीवर उभी आहे. वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे. एकीनेही निःशेष भाग गेला नाही तर संख्या मूळ. ९७ साठी २, ३, ५ आणि ७ एवढ्याच पुरतात. ९१ मात्र भल्याभल्यांना फसवते: दिसते मूळ, पण तेरा सत्ते एक्याण्णव.

ठाणेकरांना तोंडपाठ असलेले दोन पिनकोड याचे फार सुंदर उदाहरण आहेत. ठाणे पूर्वेच्या कोपरीचा ४००६०३ घ्या. शेवटचा अंक ३, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १३, म्हणून ३ बाद. आता ७ ची कसोटी: एककाचा अंक दुप्पट करून उरलेल्या संख्येतून वजा करत जायचे. ४००६० − ६ = ४००५४, ४००५ − ८ = ३९९७, ३९९ − १४ = ३८५, ३८ − १० = २८. अठ्ठावीसला सातने भाग जातो, म्हणून आपल्या पिनकोडालाही जातो: ४००६०३ = ७×१५१×३७९.

त्याच्या दोन घरे आधीचा ४००६०१, ठाण्याच्या मुख्य टपाल कार्यालयाचा, इतक्यात हाती लागत नाही. त्याचे वर्गमूळ ६३२ आणि ६३३ यांच्या मध्ये येते. तोवर ११५ मूळ संख्या आहेत आणि त्यांतल्या एकीनेही भाग जात नाही. तो मूळ आहे. दोनचाच फरक असलेल्या मूळ संख्यांना जोडमूळ म्हणतात, उदाहरणार्थ १७ आणि १९. कोपरीच्या सातामुळे ठाण्याची जोडी तेवढी हुकली.

संख्येचे मूळ अवयव पाडले की मसावि (सर्वांत मोठा सामाईक विभाजक) आणि लसावि (सर्वांत लहान सामाईक विभाज्य) आपोआप मिळतात. समजा, ठाणे स्थानकाबाहेरच्या सॅटिस पुलावरून एक बस दर १२ मिनिटांनी आणि दुसरी दर १८ मिनिटांनी सुटते. १२ = २×२×३ आणि १८ = २×३×३. लसावि ३६, म्हणून दोघी एकत्र सुटल्या की ३६ मिनिटांनी पुन्हा एकत्र सुटतील. मसावि ६.

मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सिद्ध केले. मोठ्या संख्यांसाठी भागत बसणे अशक्य होते. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी, कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे अंक वाढले तरी कामाचा वेळ हाताबाहेर न जाता, खात्रीने सांगणारी रीत दिली. भारतीय गणितातले हे मोठे काम आहे.

ठाणे जिल्ह्याचा या विषयाशी आणखी एक धागा आहे. गणितज्ञ द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या डहाणूचा. त्यांच्या 'डेम्लो' संख्यांचे नाव डोंबिवली स्थानकावरून आले. कल्पना त्यांना तिथे सुचली होती. त्यांतल्या सर्वांत देखण्या १२१, १२३२१, १२३४३२१ या ११, १११, ११११ यांचे वर्ग आहेत. १११ = ३×३७, ११११ = ११×१०१, १११११ = ४१×२७१; सगळ्या संयुक्त. नुसत्या एकांची, अकरानंतरची पुढची मूळ संख्या थेट १९ अंकी आहे.