पूर्ण चालू वर्तमानकाळ, इंग्रजीतील

पूर्वी सुरू झालेली आणि बोलण्याच्या क्षणापर्यंत चालत आलेली, अथवा नुकतीच थांबून मागे खूण ठेवून गेलेली क्रिया दर्शविणाऱ्या इंग्रजी क्रियारूपाला पूर्ण चालू वर्तमानकाळ म्हणतात. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ हे सहायक क्रियापद, त्यापुढे ‘बीन’ आणि शेवटी मुख्य क्रियापदाचे ‘-इंग’ प्रत्यय लागलेले रूप अशी त्याची घडण असते, उदा., ‘शी हॅज बीन टीचिंग हिअर सिन्स जून’. मराठी शालेय पुस्तकांत त्याला ‘पूर्ण चालू वर्तमानकाळ’, ‘चालू पूर्ण वर्तमानकाळ’ आणि ‘अपूर्ण पूर्ण वर्तमानकाळ’ अशी नावे आढळतात. तिसरे नाव मराठी व्याकरणातील ‘अपूर्ण वर्तमानकाळ’ या संज्ञेवरून सरळच आले आहे. परंतु एकच क्रिया एकाच वेळी पूर्ण आणि अपूर्ण कशी, हा प्रश्न त्या नावाने विनाकारण ओढवून घेतला आहे. म्हणून येथे पहिले नाव स्वीकारले आहे.

‘काळ’ ही संज्ञाही येथे काहीशी सैलपणे वापरली जाते. भाषावैज्ञानिक काळ आणि क्रियाव्याप्ती यांत भेद करतात. क्रियेचे बोलण्याच्या क्षणाशी असलेले नाते म्हणजे काळ; ती क्रिया चालू अवस्थेत, आतून पाहिली आहे की बाहेरून एकसंध पाहिली आहे, हा क्रियाव्याप्तीचा विषय. या दृष्टीने प्रस्तुत रूपात काळ एकच, वर्तमान, आणि तो ‘हॅव’मध्ये आहे, ‘बीन’ आणि ‘-इंग’ यांचे काम निराळे आहे. तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख याने १९४७ मध्ये बोलण्याचा, घटनेचा आणि संदर्भाचा असे तीन बिंदू मानून इंग्रजी काळांची मांडणी केली. तीनुसार पूर्ण वर्तमानात घटना आधी घडलेली असते, पण ती पाहण्याचा संदर्भबिंदू मात्र बोलण्याच्या क्षणावरच असतो. चालू रूपांसाठी त्याला घटनेच्या बिंदूऐवजी कालपट्टा मानावा लागला. भाषावैज्ञानिक बर्नार्ड कॉम्री याने १९७६ मध्ये पूर्ण क्रियाव्याप्तीचे फलदर्शक, अनुभवदर्शक, चालत आलेल्या स्थितीचे आणि नजीकच्या भूतकाळाचे असे चार प्रकार केले. अध्यापनाच्या दृष्टीने ही दुसरी मांडणी अधिक उपयोगी वाटते, कारण प्रस्तुत रूपाचे दोन मुख्य उपयोग तीतील तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारांत जवळजवळ जसेच्या तसे बसतात.

या रूपाचे दोन घटक वेगवेगळ्या वाटांनी आले. ‘हॅव’ने साधलेल्या पूर्ण रूपाचा उगम स्वामित्वदर्शक रचनेत आहे, याविषयी फारसा मतभेद नाही. प्राचीन इंग्रजीत ‘मजजवळ शत्रू बांधलेला आहे’ अशा धर्तीच्या वाक्यात ‘बांधलेला’ हे कर्माचे विशेषण असे आणि कर्माप्रमाणे विकारही घेई. पुढे विकार गळून ते विशेषण ‘हॅव’शी जोडले गेले आणि ‘मी शत्रूला बांधले आहे’ असा अर्थ रूढ झाला. मात्र ‘असणे’ या क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे आजचे ‘बीन’, प्राचीन इंग्रजीत रुळलेले नव्हते. ते साधारणपणे अकराव्या शतकाच्या अखेरीस लेखनात दिसू लागते व त्यानंतर ‘हॅव बीन’ ही जोडी वापरात येते. त्यामुळे पूर्ण चालू रूप याच्या आधीचे असण्याचा संभव नाही.

‘-इंग’च्या उगमाविषयी मात्र मोठा वाद आहे. प्राचीन इंग्रजीत ‘असणे’ या क्रियापदापुढे ‘-एन्डे’ प्रत्ययाचे वर्तमानकालवाचक धातुसाधित ठेवून एक संयुक्त रूप होत असे. हा ‘-एन्डे’ आणि संस्कृतातील ‘-अन्त्’ ही एकाच इंडो-युरोपीय प्रत्ययाची रूपे आहेत. मराठीतील ‘करत आहे’, ‘जात आहे’ यांतला ‘-त’ त्याच ‘-अन्त्’वरून आला आहे, ही गोष्ट जाता जाता नोंदवण्यासारखी आहे. ही प्राचीन रचना लॅटिनमधून भाषांतरित केलेल्या ग्रंथांत विशेष आढळते. त्यावरून फ्रेंच विद्वान फेर्नां मोसे याने १९३८ मध्ये जर्मानिक भाषांतील या रचनेचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध करून लॅटिनच्या प्रभावावर भर दिला. दुसरा पक्ष डॅनिश भाषावैज्ञानिक ऑटो येस्पर्सन याचा आहे. त्याच्या मते आजचे चालू रूप मुख्यतः ‘तो शिकारीवर आहे’ अशा अर्थाच्या रचनेतून आले. तीत ‘ऑन’ या शब्दयोगी अव्ययापुढे ‘-इंग’ प्रत्ययाचे क्रियानाम (क्रियेचे नाव सांगणारा, नामासारखा शब्द) येई. अव्यय झिजून ‘अ-हंटिंग’ झाले आणि तो ‘अ’ही गळाल्यावर केवळ ‘हंटिंग’ उरले. जुन्या गीतांत आणि काही बोलींत हा ‘अ’ अद्याप ऐकू येतो.

तिसरे मत केल्टिक, म्हणजे वेल्शसारख्या ब्रिटनमधील जुन्या भाषांच्या, प्रभावाचे आहे. वेल्श भाषेत ‘असणे’, ‘यन’ हा निपात आणि क्रियानाम यांनी चालू वर्तमान साधतो, आणि त्याचे इंग्रजी रचनेशी असलेले साम्य लक्षात येण्याजोगे आहे. व्होल्फगांग केलर याने १९२५ मध्ये या साम्याकडे लक्ष वेधले. पुढे बराच काळ मागे पडलेला हा विचार २००८ मध्ये फिल्पुला, क्लेमोला आणि पाउलास्टो यांच्या ग्रंथाने पुन्हा पुढे आणला. त्याविरुद्धचा आक्षेप कालक्रमाचा आहे: इंग्रजी आणि केल्टिक भाषकांचा संपर्क पाचव्या-सहाव्या शतकांपासूनचा, तर ‘-इंग’युक्त चालू रूपाचा खरा प्रसार मध्ययुगाच्या उत्तरार्धातला आणि त्यानंतरचा. सगळा पुरावा एकत्र पाहता ‘-एन्डे’ची रचना मुळात देशी होती, लॅटिन भाषांतरांनी तिला बळ मिळाले आणि धातुसाधिताचा ‘-एन्डे’ (दक्षिणेकडे ‘-इन्डे’) ध्वनिबदलाने क्रियानामाच्या ‘-इंग’मध्ये विलीन झाल्यावर दोन्ही रचना एक झाल्या, ही समन्वयी बाजू अधिक ग्राह्य ठरते. हे विलीनीकरण दक्षिण इंग्लंडमध्ये बहुधा तेराव्या-चौदाव्या शतकांत पूर्ण झाले असावे. केल्टिक भाषांचा वाटा पूर्णपणे नाकारता येत नाही, पण तो प्रमुखही म्हणता येत नाही.

‘हॅव बीन’ आणि ‘-इंग’ यांचा संयोग चौदाव्या शतकापासून आढळतो. आरंभीच्या उदाहरणांपैकी सर्वांत परिचित उदाहरण इंग्रज कवी जेफ्री चॉसर याच्या ‘नाइट्स टेल’मध्ये (सरदाराने सांगितलेल्या कथेत) आहे. युद्धात पती गमावलेल्या स्त्रिया अथेन्सचा अधिपती थीसियस याला सांगतात की, क्षमादेवीच्या या मंदिरात आम्ही पंधरवडाभर वाट पाहत आहोत. मुळात येथे ‘वेटिंग’चे पूर्ण चालू रूप आहे. मराठीत मात्र साधे ‘वाट पाहत आहोत’ एवढ्याने काम भागते, आणि मराठी विद्यार्थ्याची मुख्य अडचण नेमकी याच ठिकाणी आहे. चॉसरनंतर हे रूप दीर्घकाळ विरळच राहिले. चालू रूपांचा वापर सर्वसाधारणपणे वाढला तो सतराव्या शतकापासून पुढे. आजही ते वारंवार येणारे रूप नाही. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या, प्रत्यक्ष वापरातील भाषेच्या संग्रहावर आधारलेल्या व्याकरणानुसार पूर्ण चालू रूपांचे प्रमाण सर्व क्रियारूपांत एक टक्क्याहूनही कमी भरते. पाठ्यपुस्तकांत त्याला मिळणारी जागा या प्रमाणाशी जुळत नाही. परंतु ज्या प्रसंगी ते लागते, त्या प्रसंगी दुसरे रूप चालत नाही.

मराठीत या एका रूपाला दोन वेगळे प्रतिशब्द आहेत. क्रिया अद्याप चालू असेल, तर मराठी चालू वर्तमानकाळ वापरते आणि कालावधीचा सगळा भार ‘पासून’, ‘गेली’ किंवा ‘झाले’ यांवर टाकते: ‘मी सकाळपासून वाट पाहतोय’, ‘ती गेली सहा वर्षे इथे शिकवते आहे’, ‘मला येऊन दोन तास झाले’. परंपरेचा किंवा सवयीचा अर्थ असेल, तर ‘करत आलो आहे’ हे रूप येते. इंग्रजी रूपाच्या सर्वांत जवळ जाणारी मराठी रचना बहुधा हीच. क्रिया थांबलेली असून तिची खूण समोर असेल, तर मराठी चक्क भूतकाळात जाते. लाल डोळ्यांनी घरात आलेल्या मुलीला आई विचारते, ‘रडत होतीस का गं?’, इंग्रजीत हाच प्रश्न ‘हॅव यू बीन क्रायिंग?’ असा होतो. खिडकी उघडल्यावर अंगण ओले दिसले, तर आपण म्हणतो ‘पाऊस पडत होता वाटतं’, आणि इंग्रज म्हणतो ‘इट हॅज बीन रेनिंग’. सरावाच्या पुस्तकांत पहिल्या उपयोगाची रेलचेल असते. दुसरा जवळजवळ नसतोच, आणि म्हणून त्या ठिकाणी मराठी भाषक ‘वॉज’ आणि ‘वेअर’ची रूपे वापरत राहतो.

पहिल्या उपयोगातील नेहमीची चूक म्हणजे ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’. यात दोन चुका एकत्र आल्या आहेत. क्रियापद मराठीप्रमाणे चालू वर्तमानकाळात राहिले, ही एक. आणि ‘पाच वर्षांपासून’मधील ‘पासून’चा थेट ‘सिन्स’ झाला, ही दुसरी. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच दिवसांपासून’ या दोहोंना एकच अव्यय पुरते. इंग्रजीत आरंभाचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, मोजलेला अवधी सांगायचा तर ‘फॉर’. हा दोष केवळ मराठी भाषकांचा नव्हे. भारतीय इंग्रजीत तो सर्वत्र आढळतो, आणि फ्रेंच व जर्मन भाषकही अशा जागी आपापल्या भाषेप्रमाणे वर्तमानकाळच वापरतात. आयर्लंडच्या इंग्रजीत तर अशा वाक्यांत वर्तमानकाळ हा बोलीचाच भाग आहे.

अवस्थादर्शक क्रियापदे हे रूप सहसा घेत नाहीत. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो’ याचे इंग्रजी ‘नोन’ने होते, ‘बीन नोइंग’ने नव्हे. क्रियेचा हिशेब सांगायचा असेल, तेव्हाही साधा पूर्ण वर्तमानकाळ लागतो. पोळ्यांच्या उदाहरणाने हा भेद वर्गात चटकन पटतो: ‘आई सकाळपासून पोळ्या लाटतेय’ येथे चालू रूप, पण ‘चाळीस झाल्या’ म्हणताच साधे पूर्ण रूप. ‘लिव्ह’ आणि ‘वर्क’ यांना दोन्ही रूपे चालतात आणि अर्थामध्ये फारसा फरक पडत नाही.

सरावाच्या पद्धतींत विसाव्या शतकात बरेच बदल झाले. हॅरॉल्ड पामर याने १९१६ मध्ये प्रतिस्थापन-तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत कर्ता, क्रियापद आणि कालावधी यांचे रकाने बदलत विद्यार्थी एकाच साच्याची अनेक वाक्ये तयार करतो. मिशिगन विद्यापीठात चार्ल्स फ्राइझ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात तोंडी साचासरावाला, म्हणजे एकाच वाक्यसाच्याच्या पुनःपुन्हा सरावाला, पद्धतशीर रूप दिले. भारतातही रचनाक्रमाची, म्हणजे वाक्यरचना ठरावीक क्रमाने शिकवण्याची, पद्धत स्वीकारली गेली, आणि तिच्यावरील असमाधानातून एन. एस. प्रभू यांचा बंगळूर प्रकल्प (१९७९–८४) उभा राहिला, ज्यात व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून कृतींतून भाषा शिकवण्याचा प्रयत्न झाला. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी पाचवीपासून असलेले इंग्रजी जून २००० पासून पहिलीपासून सुरू झाले. तथापि वरच्या वर्गांत हा काळ येतो तो बहुतेक फळ्यावरच्या सूत्राच्या रूपाने, आणि ‘काळ ओळखा’, ‘काळ बदला’ या दोन प्रश्नप्रकारांपुरता.

‘काळ बदला’ या प्रश्नाचा उपयोग मर्यादित आहे, कारण ‘ही प्लेज’चे ‘ही हॅज बीन प्लेइंग’ करताना विद्यार्थ्याला कधीपासून, किती वेळ आणि आता काय स्थिती आहे, यांतील काहीच ठरवावे लागत नाही. उलट आधी कालावधी देऊन वाक्य करायला लावल्यास ‘सिन्स’ की ‘फॉर’ हा निर्णय त्याला स्वतः घ्यावा लागतो. त्याहून उपयोगी सराव खुणांचा आहे: हाताला पीठ लागलेला माणूस, धापा टाकणारा मुलगा, शाईने माखलेली बोटे अशी चित्रे दाखवून ‘हा काय करत होता?’ असे मराठीत विचारावे आणि उत्तर इंग्रजीत घ्यावे. प्रश्नातला ‘होता’ विद्यार्थ्याला भूतकाळाकडे खेचतो, आणि त्या ओढीविरुद्ध जाण्याचीच सवय येथे लावायची असते. ऐकण्याच्या सरावात आणखी एक अडचण येते. सहज बोलण्यात ‘आय हॅव’चे ‘आय’व्ह’ होते, ‘बीन’चा दीर्घ स्वर आखूड होऊन ‘बिन’ ऐकू येतो आणि आघात मुख्य क्रियापदावर जातो. प्रत्येक शब्द सारख्याच जोराने उच्चारायला शिकलेल्या विद्यार्थ्याला ते तीन शब्द बोलले गेले, हेच अनेकदा कळत नाही.