एकाच खोलीचा पेच: मार्कीज हिरा निवडताना

कंपासने एक वर्तुळ काढा. त्याच त्रिज्येचे दुसरे वर्तुळ असे काढा, की ते पहिल्यावर थोडे चढेल. दोघांचा जो सामाईक भाग मधे उरतो, पोटात फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता, तोच मार्कीज हिऱ्याचा वरून दिसणारा आकार. काही जण त्याला मार्क्विस म्हणतात. फ्रेंचमधले त्याचे दुसरे नाव ‘नावेत’ (navette), म्हणजे छोटी होडी. आपल्या ‘नाव’ या शब्दाचे ते लांबचे भावंड. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याने आपली प्रेयसी मार्कीज द पोंपादूर हिच्या ओठांवरून हा आकार घडवून घेतला, अशी आख्यायिका सांगतात. ती बाजूला ठेवली तरी आकाराचे सौंदर्य कमी होत नाही, आणि त्याची अडचणही नाही. ती अडचण भूमितीत आहे. ती एकदा कळली की अंगठीसाठी हिरा निवडताना काय पाहायचे, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

आधी लांबी-रुंदीचे गुणोत्तर पाहू. दोन्ही वर्तुळे एकमेकांच्या केंद्रातून जातील इतकी चढवली, तर सामाईक भागाची लांबी रुंदीच्या १.७३ पट होते आणि टोकाशी दोन कडांमध्ये १२० अंशांचा कोन पडतो. हा आकार जरा गुबगुबीत वाटतो. वर्तुळे थोडी लांब सरकवून गुणोत्तर २ वर आणले, की टोकाचा कोन १०६ अंश होतो. २.२५ ला तो ९६ अंशांवर येतो आणि हिरा सडपातळ, जवळजवळ सुईसारखा दिसू लागतो. बाजारात बहुतेक मार्कीज १.७५ ते २.२५ या पट्ट्यात असतात. माझ्या डोळ्याला १.८५ ते २.१ मधला आकार सर्वांत समतोल वाटतो. ही आवड झाली, नियम नव्हे. मात्र लांबी वाढवल्याची किंमत प्रकाशाला मोजावी लागते, त्याकडे पुढे येऊच. अंगठीत बसवल्यावर कोंदणाच्या नख्या दोन्ही टोकांचा थोडा भाग झाकतात, त्यामुळे सुटा हिरा जितका लांब दिसतो तितका बोटावर दिसत नाही, हेही मनात धरावे.

मार्कीजची ओढ असणारे एक गोष्ट आवर्जून सांगतात: त्याच वजनात तो मोठा दिसतो. हे खरे आहे, आणि कागदावर करून पाहता येते. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. एक कॅरटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो; त्याच्या दर्शनी भागाचे क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस मिलिमीटर. गुणोत्तर २ आणि खोली रुंदीच्या ६० टक्के असलेला एक कॅरटचा मार्कीज सुमारे १०.५ बाय ५.२५ मिलिमीटरचा भरतो आणि त्याचे क्षेत्रफळ ३८ चौरस मिलिमीटरच्या वर जाते. कारण सोपे आहे. गोल हिऱ्याची खोली त्याच्या व्यासावर ठरते, जवळपास ४ मिलिमीटर. मार्कीजची खोली त्याच्या अरुंद बाजूवर ठरते, म्हणून ती ३.१५ मिलिमीटरच राहते. खाली कमी गेले, ते वर पसरले. पण याच मापाच्या हिऱ्याची खोली कारागिराने ७० टक्के ठेवली, तर वजन सुमारे १.१७ कॅरट होते आणि वरून हिरा तसूभरही मोठा दिसत नाही. त्या जादा वजनाचे पैसे मात्र घेणाऱ्याने मोजलेले असतात. म्हणून कॅरटचा आकडा ऐकल्यावर लगेच मिलिमीटर विचारावेत.

आता प्रकाशाकडे वळू. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाशाला किती वळवतो याचे माप, सुमारे २.४१७ आहे. म्हणजे आत शिरलेल्या किरणाला बाहेर पडणे फार कठीण. आतल्या पृष्ठभागावर तो लंबापासून २४.४ अंशांपेक्षा जास्त कलून आदळला, तर बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो. साध्या काचेसाठी हाच क्रांतिक कोन जवळजवळ ४२ अंश असतो, म्हणून काचेचा तुकडा कितीही पैलू पाडले तरी हिऱ्याइतका चमकत नाही. हिऱ्याचा वरचा सपाट पैलू म्हणजे टेबल, त्याच्याभोवतीचा उतरता भाग म्हणजे क्राउन, कमरेची कड म्हणजे गर्डल आणि खालचा निमुळता भाग म्हणजे पॅव्हेलियन. चमक ठरवण्याचे बरेचसे काम पॅव्हेलियनच्या उताराकडे असते.

गोल हिऱ्यात हे काम सरळ आहे. मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर सगळीकडे सारखे, म्हणून उतारही सगळीकडे सारखा ठेवता येतो. १९१९ मध्ये मार्सेल टोलकोव्स्की या अभियंत्याने गणिताने दाखवले, की हा उतार ४०.७५ अंश ठेवला तर उजेड आणि रंगांची उधळण या दोहोंचा चांगला मेळ बसतो. मार्कीजला असे एका आकड्याचे सुख नाही. आपल्या १०.५ बाय ५.२५ च्या हिऱ्यात पॅव्हेलियनची खोली रुंदीच्या ४३ टक्के, म्हणजे साधारण सव्वादोन मिलिमीटर धरा. रुंदीच्या दिशेने मध्यापासून कड २.६ मिलिमीटरवर आहे, म्हणून उतार पडतो ४१ अंशांचा: अगदी हवा तसा. लांबीच्या दिशेने टोक ५.२५ मिलिमीटरवर आहे. तीच खोली इतक्या लांब अंतरात वाटली गेली, की उतार उरतो फक्त २३ अंश, म्हणजे क्रांतिक कोनाच्याही खाली. त्या दिशेने सरळ उतरता पैलू पाडला, तर वरून आलेला किरण खालून निघून जाईल.

म्हणून मार्कीजच्या तळाशी होडीच्या कण्यासारखी एक लांब धार असते आणि पैलू तिच्या दोन्ही अंगांना उतरतात. टोकांकडचा उजेड मुख्यतः या आडव्या उतारांवरून परततो. तरीही जसजसे टोकाकडे जावे तसतसा कणा वर चढत येतो आणि हे उतारही सपाट होत जातात. टोके उजळ ठेवायची तर कणा जास्त खोल हवा. कणा खोल केला तर मधल्या पोटातला उतार ४१ वरून ४३, ४४, ४५ कडे सरकतो. एकच खोली दोन वेगळ्या अंतरांना पुरवायची आहे, हा मार्कीजचा खरा पेच. गुणोत्तर जितके मोठे, तितका तो घट्ट.

पोटातला उतार ४५ अंशांजवळ गेला की काय होते? दोन आरसे एकमेकांशी काटकोनात ठेवा आणि त्या कोपऱ्यात पाहा. कुठेही सरकलात तरी तुमचाच चेहरा समोर राहतो, कारण अशा कोपऱ्यात त्या प्रतलात आलेला किरण दोनदा आपटून आल्या दिशेनेच परत जातो. पॅव्हेलियनच्या समोरासमोरच्या बाजू ४५ अंशांनी उतरल्या, की त्यांच्यामध्येही काटकोनच होतो. तुमच्या डोळ्यात येणारा प्रकाश मग तुमच्याच डोक्याच्या दिशेने आलेला असायला हवा, आणि डोके तर दिव्याला आडवे आलेले असते. तिथे हिरा काळा दिसतो. नुसता आडवा छेद घेऊन हिशेब केला, तर ४१ अंशांच्या उतारावर सरळ डोळ्यात येणारा किरण बाहेरून जवळपास ४२ अंश तिरका आलेला असतो, डोक्याच्या बराच बाजूने. ४४ अंशांवर तो जेमतेम १० अंश तिरका असतो. अंगठी ३० सेंटीमीटरवर धरली, तर आपले डोके मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण १५ अंश व्यापते. म्हणजे उतारातल्या तीन अंशांच्या फरकाने लखलखीत जागा अंधारी होते.

हिऱ्याच्या पोटावर आडवी पडणारी, मधे बारीक आणि दोन्ही कडांकडे रुंद होत जाणारी काळी सावली म्हणजेच बो-टाय. गळ्यात बांधायच्या बोसारखी दिसते, म्हणून ते नाव. ती डाग नाही, खोट नाही आणि पुसून जाणारीही नाही. ती तुमची स्वतःची सावली आहे. लांबट चमकदार पैलूंच्या जवळपास प्रत्येक हिऱ्यात ती थोडीफार असते. बो-टाय अजिबात नको असा हट्ट धरला, तर बहुधा उथळ कापलेला, मधून आरपार दिसणारा हिरा पदरी पडेल, आणि तो मला जास्त वाईट वाटतो. चांगल्या मार्कीजमध्ये ही सावली फिकट असते आणि हिरा किंचित हलवताच पैलूंमध्ये विखुरते. थोडी काळी बाजू असल्याने शेजारचे पैलू उलट अधिक तेजस्वी भासतात. टाळायची ती एकच: अंगठी कशीही वळवली तरी जागची न हलणारी, पोटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची काळी पट्टी.

हे प्रमाणपत्रावर वाचता येत नाही. हिरे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या जीआयए या संस्थेची एक्सलंट ते पुअर ही कटची, म्हणजे घडणीची, श्रेणी २००६ पासून आहे, पण ती गोल ब्रिलियंट (चमकेसाठी पैलू पाडलेल्या) हिऱ्यांसाठी. मार्कीजच्या कागदावर लांबी, रुंदी, खोली, टेबलची टक्केवारी, पॉलिश आणि सिमेट्री (सममिती) मिळते. बो-टाय किती गडद, हे मिळत नाही. खोली रुंदीच्या साधारण ५८ ते ६४ टक्के आणि टेबल ५३ ते ६३ टक्के असेल, तर हिरा पाहण्यालायक आहे एवढे समजावे. याच आकड्यांचे दोन हिरे शेजारी ठेवले, तर एक जिवंत आणि दुसरा मलूल असू शकतो, कारण एकूण खोलीतला किती वाटा क्राउनचा, किती गर्डलचा आणि किती पॅव्हेलियनचा, हे त्या एका आकड्यात दडलेले असते. जाड गर्डल आणि उथळ पॅव्हेलियन मिळूनही ६१ टक्के होतात.

म्हणून हिरा पाहावाच लागतो, आणि तोही नीट. दुकानातल्या छोट्या प्रखर दिव्यांखाली कोणताही हिरा ठिणग्या टाकतो. ते दृश्य फार काही सांगत नाही. खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या उजेडात हिरा हातभर अंतरावर धरा. आधी अगदी सरळ वरून पाहा, मग सावकाश डावी-उजवीकडे आणि टोकांच्या दिशेने कलवा. मग हिरा स्थिर ठेवून स्वतःचे डोके बाजूला न्या. बो-टाय कुठे जातो, पोट आणि टोके एकदमच उजळतात की टोके मागे राहतात, हे दिसू लागेल. शेवटी छापील अक्षरांवर हिरा ठेवा. मधून अक्षरे वाचता आली, तर पॅव्हेलियन उथळ आहे. फोटो आणि व्हिडिओवरून ठरवताना एवढे लक्षात असू द्या, की कॅमेरा हिऱ्याच्या फार जवळ असतो, तो स्वतःच मोठा कोन अडवतो आणि बो-टाय असतो त्याहून गडद उमटू शकतो.

बाह्यरेषाही वरूनच तपासायची. दोन टोकांना जोडणारी रेषा मनात ओढा. तिच्या दोन्ही बाजू एकमेकींचे प्रतिबिंब असायला हव्यात. एक टोक केसभर जरी सरकलेले असले, तरी लांबट आकारात ते डोळ्याला खुपते, आणि अंगठीत बसवल्यावर बोटाची रेषा शेजारी असल्याने जास्तच खुपते. पोट आणि टोक यांच्या मधल्या कडांना पंख म्हणतात. ते फुगलेले असतील, तर कारागिराने वजन वाचवले असे समजा. सरळसोट असतील, तर हिरा पतंगासारखा चौकोनी भासतो. कंपासने काढलेला आपला आकार आठवा. कड एका अखंड कमानीत पोटातून टोकाकडे उतरली पाहिजे.

टोकांची काळजी वेगळी. हिरा सर्वांत कठीण खनिज आहे, पण कठीण म्हणजे चिवट नव्हे. त्याच्या स्फटिकात चार दिशांची अशी प्रतले आहेत, की नेमका घाव बसला तर तो त्यांच्या बाजूने चिरतो, आणि मार्कीजचे टोक हे घाव झेलायला सर्वांत उघडे. टोकाशी गर्डल फार पातळ नको, आणि टोकापर्यंत पोचलेली भेग असलेला हिरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. काही हिऱ्यांत टोकावरच्या एका मोठ्या पैलूऐवजी छोटे छोटे पैलू पाडतात, त्याला फ्रेंच टिप म्हणतात. कोंदणात टोकांना इंग्रजी व्हीच्या आकाराची नखी हवीच. साधी गोल नखी टोकाच्या शेजारी टेकते आणि टोक उघडेच राहते, कपड्यातही अडकते. हिऱ्यात पिवळसर छटा असेल, तर तीही टोकांत आधी जाणवते, म्हणून रंग पाहताना नजर मध्यावर न ठेवता टोकांवर ठेवावी.

आणि अंगठी घातल्यानंतरची एक गोष्ट. २४.४ अंशांचा क्रांतिक कोन हिऱ्याबाहेर हवा असेल तेव्हाचा. पॅव्हेलियनला पाणी लागले, की तो ३३ अंशांवर जातो. हातांचे तेल, साबण किंवा क्रीमचा थर बसला, तर ३८ अंशांच्या आसपास. पोटातला ४१ अंशांचा उतार यातूनही निभावतो, पण टोकांकडचे सपाट उतार हरतात आणि तिथला प्रकाश खालून गळू लागतो. घरी आणलेल्या मार्कीजची टोके काही आठवड्यांत मंद झाली असे वाटले, तर हिरा बदलला की काय या शंकेत न पडता कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, अंगठी थोडा वेळ भिजू द्यावी आणि मऊ ब्रशने खालची बाजू, विशेषतः दोन्ही नख्यांच्या मागची जागा, हलक्या हाताने घासावी.