लुकाकू, रोमेलू

लुकाकू, रोमेलू : (१३ मे १९९३– ). बेल्जियमच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाकडून सर्वाधिक गोल करणारा आघाडीपटू. जन्म अँटवर्प येथे, मूळच्या काँगोच्या कुटुंबात. वडील रॉजर मेनामा लुकाकू हे झाईरच्या (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) राष्ट्रीय संघातून खेळलेले. त्यांच्या नावातील तिन्ही पदांची पहिली अक्षरे जोडून ‘रोमेलू’ हे नाव केले, अशी व्युत्पत्ती सांगतात; ती ग्राह्य वाटते. धाकटा भाऊ जॉर्डन हाही व्यावसायिक फुटबॉलपटू.

अँडरलेख्ट क्लबाकडून तो पहिला सामना खेळला तो २४ मे २००९ रोजी, सोळावे वर्ष पूर्ण होऊन अकरा दिवस झाले असताना. पुढच्याच हंगामात १५ गोल करून तो बेल्जियन लीगमध्ये अव्वल ठरला आणि क्लबाने विजेतेपद मिळवले. २०११ मध्ये तो चेल्सीत गेला. मात्र इंग्लंडमध्ये त्याचे नाव झाले ते वेस्ट ब्रॉमविच (२०१२-१३ मध्ये लीगचे १७ गोल) आणि एव्हर्टन येथे. नंतर मँचेस्टर युनायटेड, इंटर मिलान, पुन्हा चेल्सी, पुन्हा इंटर, रोमा आणि २०२४ पासून नापोली असा प्रवास झाला. इटलीतील त्याची दोन्ही लीग विजेतेपदे (इंटर २०२०-२१, नापोली २०२४-२५) प्रशिक्षक अंतोनियो काँते यांच्या हाताखालची आहेत.

राष्ट्रीय विक्रम त्याने नेमका केव्हा मोडला, याबाबत गणनेचा प्रश्न आहे. लिअर्स क्लबाचे बर्नार्ड फूरहूफ (६१ सामने) आणि अँडरलेख्टचे पॉल व्हान हिम्स्ट (८१ सामने) यांच्या नावावर प्रत्येकी ३० गोल होते. फूरहूफ यांची कारकीर्द दुसऱ्या महायुद्धापूर्वीची, म्हणजे हा आकडा सुमारे पाऊण शतक टिकला. प्रचलित गणनेनुसार लुकाकूने १० नोव्हेंबर २०१७ रोजी मेक्सिकोविरुद्ध दोन गोल करून ही बरोबरी गाठली आणि चार दिवसांनी जपानविरुद्ध ३१ वा गोल केला. परंतु २६ मे २०१४ च्या लक्झेंबर्गविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात (५-१) त्याने केलेले तीन गोल या हिशेबात नाहीत. अशा सामन्यात सहा खेळाडू बदलण्याची मर्यादा असताना प्रशिक्षक मार्क विल्मोट्स यांनी सात बदलले, म्हणून फिफाने त्या सामन्याची अधिकृत मान्यता काढून घेतली. ते तीन गोल धरल्यास मेक्सिकोशी गाठ पडण्यापूर्वीच विक्रम मोडला होता, असे म्हणावे लागते. आंतरराष्ट्रीय नोंदींशी मेळ राहावा यासाठी येथे फिफाची गणना स्वीकारली आहे. पुढे हा आकडा ८० च्या वर गेल्याने वादाला व्यावहारिक महत्त्व उरलेले नाही; खेळाडूचा मात्र त्यात काहीच दोष नव्हता, हे नमूद करणे न्याय्य ठरेल.

२०१८ च्या विश्वचषकात पनामा व ट्युनिशियाविरुद्ध त्याने प्रत्येकी दोन गोल केले. बेल्जियमला तिसरे स्थान मिळाले. तथापि त्याच्या खेळाची खरी समज दिसते ती गोल न केलेल्या दोन प्रसंगांत. जपानविरुद्ध अखेरच्या क्षणी समोर आलेला चेंडू त्याने न स्पर्शता जाऊ दिला आणि मागून आलेल्या सहकारी शाद्लीने गोल केला. काझान येथे ब्राझीलविरुद्ध आपल्याच अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन धावत त्याने तो सहकारी डी ब्राउनेकडे सोपवला. त्यातून संघाचा दुसरा गोल झाला. धिप्पाड शरीराच्या जोरावर खेळणारा डावखुरा एवढेच त्याचे वर्णन म्हणूनच अपुरे पडते.

२०२४ च्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत त्याने १४ गोल केले. त्यांपैकी चार अझरबैजानविरुद्धच्या एकाच सामन्यातील आहेत.