व्हेक्टर टेस्टमधे डीजी-ऑप्शन्स लिहायचं की डीजी-अ‍ॅडिशनल-ऑप्शन्स?

जीसीसी या कंपायलरच्या टेस्टसूटमधे (तपासण्यांच्या संचात) नवीन टेस्ट लिहिणारे बरेच जण या दोन डिरेक्टिव्ह, म्हणजे टेस्ट फाइलमधे लिहायच्या सूचना, एकच समजतात. मीही समजायचो. पण डीजी-ऑप्शन्स आधीचे फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय) पुसून स्वतःचे लावतं आणि डीजी-अ‍ॅडिशनल-ऑप्शन्स त्यांच्यात भर घालतं, आणि व्हेक्टरच्या टेस्टमधे, म्हणजे कंपायलर लूपमधले बरेच आकडे एकाच इन्स्ट्रक्शनने हाताळतो का ते बघणाऱ्या टेस्टमधे, नेमकं इथेच पाणी मुरतं.

कारण व्हेक्ट फोल्डरमधली टेस्ट सुरू व्हायच्या आधीच व्हेक्ट डॉट ईएक्सपी ही स्क्रिप्ट टार्गेट (कोड ज्या प्रोसेसरसाठी बनवायचा तो) बघून त्याच्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शन चालू करणारे फ्लॅग जमवते, एक्स८६ असेल तर एम-एसएसई२, पॉवरपीसी असेल तर एम-अल्टिव्हेक, ३२ बिट आर्म असेल तर निऑनचे, शिवाय एफ-ट्री-व्हेक्टराइज, कॉस्ट मॉडेल (व्हेक्टर करणं परवडतं का याचा हिशोब) बंद करणारा फ्लॅग आणि व्हेक्टरायझरचा डंप (त्याने काय केलं याची नोंद) काढणारा फ्लॅग सगळ्यांनाच.

आता समजा तुम्हाला ओ३ ही ऑप्टिमायझेशनची लेव्हल हवीय म्हणून डीजी-ऑप्शन्समधे नुसतं ओ३ लिहिलं. झालं, वरचं सगळं गेलं! डंपचा फ्लॅगही गेला, त्यामुळे शेवटी 'व्हेक्टराइज्ड १ लूप्स' शोधणाऱ्या ओळीला डंप फाइलच मिळत नाही आणि निकाल फेल न येता अनरिझॉल्व्हड (ठरवताच आलं नाही) असा येतो. मग माणूस डंपचा फ्लॅग हाताने जोडतो, एक्स८६-६४ वर टेस्ट पास होते, तो पॅच पाठवून मोकळा होतो. खरा धोका हाच आहे, कारण एसएसई२ हा एक्स८६-६४ च्या मूळ इन्स्ट्रक्शन सेटचाच भाग आहे, तसंच एआर्च६४ (६४ बिट आर्म) वर अ‍ॅडव्हान्स्ड सिमड या व्हेक्टर इन्स्ट्रक्शनचं, म्हणून फ्लॅग गेला तरी तिथे काहीच बिघडत नाही. निऑन डीफॉल्टला चालू नसलेल्या ३२ बिट आर्म कंपायलरवर मात्र व्हेक्ट-इंटची तपासणी (या टार्गेटवर पूर्णांकांचं व्हेक्टर काम जमतं का ते बघणारी) 'हो, जमतं' म्हणते कारण ती निऑनचे फ्लॅग धरून बोलते, आणि तुमची टेस्ट त्या फ्लॅगशिवाय कंपाइल होते, लूप स्केलरच (एका वेळी एकच आकडा हाताळणारा) राहतो, टेस्ट फेल. आणि ते दुसऱ्याच कोणाच्या तरी मशीनवर दिसतं, त्या बिचाऱ्याचा वेळ जातो.

म्हणून या फोल्डरमधे ओ३ डीजी-अ‍ॅडिशनल-ऑप्शन्समधेच द्या, आधी ओ२ असलं तरी शेवटचं लेव्हल लागू होतं. एकाच आर्किटेक्चरचा फ्लॅग असेल तर पुढे टार्गेट सिलेक्टर (ही ओळ कुठे लागू ते सांगणारी अट) लावा.

सिलेक्टर लावताना अजून एक गल्लत होते. एव्हीएक्स२ (एक्स८६ च्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शनचा एक संच) या सिलेक्टरचा अर्थ तसा कोड बनवता येतो का, आणि एव्हीएक्स२ रनटाइम म्हणजे हे मशीन तो चालवू शकतं का. रन टेस्टला (कंपाइल करून चालवून बघायच्या टेस्टला) नुसतं पहिलं लावलं आणि मेनच्या सुरुवातीला प्रोसेसर तपासणारं चेक-व्हेक्ट हे फंक्शनही नसलं, तर जुन्या प्रोसेसरवर इल्लीगल इन्स्ट्रक्शन येऊन प्रोग्राम पडतो.

डीजी-ऑप्शन्स वाईट आहे असं नाही हं. जीसीसी डॉट टार्गेटच्या आय३८६ फोल्डरमधे टेस्ट एकाच आर्किटेक्चरची असते आणि फ्लॅग पूर्ण आपल्या हातात हवे असतात, तिथे मी सरळ तेच लिहितो, ओ२ पासून एम-एव्हीएक्स२ पर्यंत सगळं एका ओळीत.